बंद पडद्यामागचा होकार

एक

मंगळवारी सकाळी बिबवेवाडीच्या डायलिसिस केंद्रातला पडदा कोराच उजाडला. कुणाला कोणत्या यंत्रावर घ्यायचं, कुणाच्या अंगातून किती पाणी काढायचं, कुणाला कोणतं औषध सोसत नाही, हे सगळं ज्या पडद्यावर रोज पहाटे आपोआप भरून यायचं, तिथे एकही नाव नव्हतं. सिस्टरनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या बाकीच्या केंद्रांना फोन लावले. तिथेही तीच कथा. मग बाकावर वाट बघत बसलेल्यांना "आज होईलसं वाटत नाही, उद्या या" असं सांगून परत पाठवण्यापलीकडे त्यांच्या हातात काही उरलं नाही.

परत गेलेल्यांत रंगनाथ फणसळकर नावाचे निवृत्त चित्रकला शिक्षक होते. संध्याकाळपर्यंत जुन्या प्रतीवरून बरीचशी नावं परत आणण्यात आली, पण तोवर रंगनाथरावांना धाप लागली होती. त्यांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं.

"वाचतील, असं डॉक्टर म्हणतात," बुधवारी सकाळी हडपसरच्या ऑफिसात संचालक गोपाळकृष्ण देवस्थळी म्हणाले. केंद्रांचं सॉफ्टवेअर त्यांच्या कंपनीचं होतं. "पण ते वाचले म्हणजे आपण वाचलो असं नाही, ओगले मॅडम. शुक्रवारी संस्थेची माणसं येणार आहेत. त्यांना उत्तर हवंय."

भाग्यश्री ओगल्यांनी नुसती मान हलवली. पन्नाशी ओलांडलेल्या या बाई कंपनीच्या संगणकांची सुरक्षा बघायच्या. त्याआधीची बरीच वर्षं त्यांनी एका सहकारी बँकेत तपासनीस म्हणून काढली होती. त्या कधी आवाज चढवत नसत. प्रश्न विचारून झाला की गप्प बसत, आणि ती शांतता समोरच्याला इतकी जड जाई की तो आपणहून बोलायला लागे.

या वेळी बोलायला लागला तो टीमचा तांत्रिक प्रमुख, सुदर्शन काणे.

"मॅडम, हे झालं एआयच्या हातून. आमची मुलं हल्ली कमांड लाइनवरचा एआय वापरतात. काळ्या खिडकीत साध्या भाषेत काम सांगायचं, तो स्वतः हुकूम लिहितो आणि चालवतो. पण प्रत्येक मोठ्या कामाआधी तो थांबून परवानगी मागतो. सोमवारी दुपारी मिसबा बागवानच्या लॅपटॉपवर त्यानं अशीच परवानगी मागितली. तिथून होकार गेला आणि सगळ्या केंद्रांची नावं पुसली गेली."

"म्हणजे चोर सापडला आहे. मग मला कशाला बोलावलंत?"

"ती म्हणते, मी होकार दिलाच नाही. जागेवर नव्हते."

"आणि होती?"

सुदर्शननं घसा साफ केला. "नव्हती. तीच तर पंचाईत आहे. कॅमेऱ्यात ती पडदा लॉक करून उठताना दिसते. तो तिच्या बोटाच्या ठशाशिवाय उघडत नाही. होकार गेला तो त्यानंतर. आणि ती परत येईपर्यंत त्या टेबलाकडे कुणी फिरकलेलंसुद्धा नाही."

दोन

मिसबाच्या टेबलाशी प्रोजेक्ट मॅनेजर उत्कर्षा बेंद्रे उभी होती. तिने मिसबासमोर पाण्याचा ग्लास ठेवला होता आणि तिच्या खांद्यावर हात होता.

"मॅडम, हिला दोन दिवस घरी पाठवू या का? पार गळून गेलीय," उत्कर्षा हळू आवाजात म्हणाली. "आणि मी दुसरा लॅपटॉप द्यायला सांगितलाय. या डबड्याची बॅटरी तासभर टिकत नाही. आयटीवाले दुपारी येऊन नेतील, फॉर्मॅट करून टाकतील. कटकट मिटेल."

"त्यांना सांग, लॅपटॉप मी नेला."

"हो, चालेल," उत्कर्षा म्हणाली आणि लगबगीने निघून गेली.

भाग्यश्रीबाई मिसबाला घेऊन आपल्या खोलीत आल्या. मिसबा पंचविशीतली, भवानी पेठेत वाढलेली. आई नसीमबानू शिवणाचे क्लास घ्यायची, त्या पैशांवर मुलगी इंजिनिअर झाली होती. नोकरीला अजून वर्षही व्हायचं होतं, म्हणजे काढून टाकायला सगळ्यांत सोपी.

"सोमवारी काय झालं? सावकाश सांग."

"मॅडम, केंद्रातले लोक शिकताना खोटी नावं भरतात ना, सरावाची, ती काढायची होती. मी एआयला सांगितलं. त्यानं सगळं शोधलं आणि मला विचारलं, फक्त सरावाची नावं काढू, की या केंद्रांखालची सगळीच? मला ते 'सगळीच' खटकलं. मी असं काही म्हटलंच नव्हतं. म्हटलं, एकटीनं ठरवायला नको. उत्तर न देता पडदा लॉक केला आणि सुदर्शन सरांना विचारायला वर गेले."

"विचारलंस?"

"सर मीटिंगमध्ये होते. मी काचेच्या दाराबाहेर थांबले. मग जेवायची वेळ झाली म्हणून कँटीनला गेले. परत आले तर खाली लिहिलेलं, काम पूर्ण. वरचं सरकवून बघितलंच नाही." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "सरावाची नावं गेलेली दिसली. मला वाटलं, उठताना माझंच बोट लागलं असेल. आधीही एकदोनदा चहाला गेले होते तेव्हा असंच काम पुढे सरकलेलं होतं. तेव्हाही मी स्वतःलाच वेंधळी म्हटलं. तिथंच चुकलं माझं. बाकीची नावं उघडून बघायला हवी होती."

"ते चुकलंच," भाग्यश्रीबाई म्हणाल्या. पुण्याच्या माणसाला खोटं समाधान देता येत नाही. "या लॅपटॉपची बॅटरी कशी आहे?"

मिसबा गोंधळली. "बॅटरी? माहीत नाही. मी कायम चार्जर लावूनच ठेवते. नवाच म्हणून दिला होता मला, खोक्यातून."

"बरं. उघड बघू."

मिसबानं बोट टेकवलं. भाग्यश्रीबाईंनी सोमवारचं संभाषण वर सरकवत आणलं. एआयचा प्रश्न जसाच्या तसा होता, मुलीने सांगितला तसाच. त्याच्या खाली, इंग्रजी अक्षरांत, मराठी उत्तर होतं.

हो चालेल.

मिसबा त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. 

"मॅडम, मी एआयशी मराठीत कधी बोललेच नाहीये."

तीन

"हो चालेल तर अर्धं पुणं म्हणतं," सुदर्शन म्हणाला. "त्यावरून काय ठरणार?"

"काहीच नाही," भाग्यश्रीबाईंनी कबूल केलं. "तुमचा तो पहारेकरी काय सांगतो?"

पहारेकरी हे सुदर्शनचं लाडकं अपत्य होतं. एआयमध्ये एक सोय असते, 'मला विचारू नकोस, सरळ करून टाक' अशी. घाईतली मुलं ती चालू करून मोकळी होतात. म्हणून सुदर्शननं कंपनीत नियम काढला की ती सोय वापरायची नाही, आणि प्रत्येक लॅपटॉपवर नजर ठेवणारा प्रोग्राम बसवला. कुणी ती चालू केली की सुदर्शनच्या पडद्यावर लाल खूण उमटे.

"मिसबाचा लॅपटॉप हिरवा आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून हिरवा. विचारण्याची सोय चालू होती. एआयनं विचारलं, तिथून उत्तर आलं. माझ्या बाजूनं सगळं नियमात आहे."

"ती तुम्हाला विचारायला वर आली होती म्हणते. काचेच्या दाराबाहेर उभी होती."

"मी पडद्याकडे बघत होतो. मला कुणी दिसलं नाही."

हे त्याने इतक्या झटकन सांगितलं, की भाग्यश्रीबाईंनी त्याच्याकडे थोडा वेळ नुसतं पाहिलं. सुदर्शनने घड्याळाचा पट्टा सारखा केला. 

मिसबाच्या शेजारच्या टेबलावर शुभंकर वानखेडे बसायचा. अमरावतीचा मुलगा, वाघोलीला मित्रांबरोबर खोली घेऊन राहणारा. कुणाचा संगणक अडला की सगळे त्यालाच हाक मारायचे. भाग्यश्रीबाई त्याच्याशी गच्चीवरच्या कँटीनमध्ये बोलल्या.

"मिसबानं घाईघाईत होकार दिला असेल?"

"मिसबानं?" शुभंकर हसलाच. "मॅडम, ती एआयचा एकेक प्रश्न परीक्षेच्या पेपरसारखा वाचते. आम्ही थट्टा करतो तिची. ती तर निम्म्या वेळा त्याला नकोच म्हणते."

"मग पडदा बंद असताना होकार कोण देईल?"

त्याचं हसू जागच्या जागी विरलं. त्याने कप उचलला, रिकामा आहे हे लक्षात येऊन परत ठेवला.

"उत्तर काय होतं, मॅडम? म्हणजे शब्द काय होते?"

"हो चालेल."

शुभंकर खाली हायवेवरची रांग बघत राहिला. 

"मिसबाला काढतील का?" त्याने शेवटी विचारलं.

"शुक्रवारी ठरेल."

"मग शुक्रवारपर्यंत मले काही विचारू नका," तो म्हणाला. एरवी पुणेरी मराठी नेटाने सांभाळणाऱ्या त्या मुलाच्या तोंडून गावाकडचं 'मले' निसटलं होतं, आणि ते त्याला कळलंही नव्हतं.

चार

गुरुवारी ऑफिसला जाण्याआधी भाग्यश्रीबाई बिबवेवाडीच्या केंद्रात गेल्या. त्यांचं घर तिथून जवळच होतं. पडद्यावर नावं परत आली होती, यंत्रं संथपणे चालली होती. खिडकीपाशी नऊवारीतल्या एक बाई हातात पिशवी घेऊन बसल्या होत्या. रंगनाथरावांच्या पत्नी, वेणूबाई. नवऱ्याचे जुने रिपोर्ट न्यायला आल्या होत्या.

भाग्यश्रीबाईंनी आपण कोण ते सांगितलं. लपवून उपयोग नव्हता.

"कसे आहेत आता?"

"बोलतात थोडं. काल नर्सच्या हातातली पेन्सिल मागून घेतली. मला म्हणाले, तुझं चित्र काढतो, तोंड वाकडं करू नकोस." वेणूबाईंनी पिशवी मांडीवर नीट ठेवली. "आपण कंपनीच्या म्हणता. मग एक सांगा. मला ते संगणकातलं काही समजत नाही. पण आमच्या घरातली जुनी कपाटं काढायची तर मी दहादा विचारते ह्यांना. इथं इतक्या माणसांचा जीव टांगलेला. पुसण्याआधी कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही?"

"विचारलं होतं, वेणूबाई. त्या यंत्रानं अगदी नीट विचारलं होतं."

"मग?"

"उत्तर द्यायला तिथे माणूस नव्हतं."

हे बोलल्यावर भाग्यश्रीबाई एकदम थबकल्या. कालपासून त्या एकच प्रश्न चघळत होत्या, की बंद पडद्यामागे कोणता माणूस पोचला असेल. कॅमेरा सांगत होता कुणी नाही. ठसा सांगत होता कुणी नाही. सगळे पुरावे एकमुखाने एकच गोष्ट सांगत होते, आणि त्या मात्र माणूस शोधत बसल्या होत्या.

ऑफिसला पोचताच त्यांनी मिसबाचा लॅपटॉप उघडून घेतला आणि जुनी संभाषणं काढली. या वेळी त्यांनी उत्तरं वाचली नाहीत. प्रश्न पडद्यावर आल्यापासून उत्तर यायला किती वेळ गेला, तेवढंच पाहिलं. मिसबाची उत्तरं कधी पटकन आलेली, कधी जरा उशिरा. प्रश्न लांबलचक असला की वेळही लांबलेला. वाचणारं माणूस असंच असतं.

पण 'हो चालेल' हे उत्तर सोमवारखेरीज आणखीही काही ठिकाणी होतं. प्रश्न एका ओळीचा असो की पानभर, ते उत्तर प्रत्येक वेळी तेवढ्याच अंतराने आलं होतं. क्षणाचाही फरक नव्हता.

भाग्यश्रीबाईंनी लॅपटॉप मिटला आणि गोपाळकृष्णांना फोन लावला.

"उद्या सकाळी सुदर्शन, उत्कर्षा, शुभंकर आणि मिसबाला एका खोलीत बसवा. संस्थेची माणसं यायच्या आत. ज्यानं होकार दिला, तो सगळ्यांसमोर पुन्हा देईल."

पाच

शुक्रवारी सकाळी मीटिंग रूममध्ये चहा आला तरी कुणी कपाला हात लावला नाही. टेबलाच्या मधोमध मिसबाचा लॅपटॉप होता. त्यातलं संभाषण भिंतीवर मोठ्या अक्षरांत दिसत होतं.

"आता इथून खऱ्या नावांपर्यंत जायची वाट मी बंद केली आहे, तेव्हा घाबरू नका," भाग्यश्रीबाई म्हणाल्या. त्यांनी एआयला सांगितलं की दोन रिकाम्या फाइली आहेत, एक लाल नावाची, एक निळी. त्यातली एक पुसायची आहे. कोणती, ते मला विचार आणि उत्तराची वाट बघ.

एआयनं विचारलं, लाल पुसू की निळी?

"आता हात मागे घ्या सगळे. मिसबा, पडदा लॉक कर. भिंतीवर मी दुसऱ्या लॅपटॉपवरून आतलं संभाषण दाखवते आहे."

मिसबानं लॉक केलं आणि खुर्ची मागे सरकवली. लॅपटॉपचा पडदा काळा झाला. भिंतीवर प्रश्न तसाच होता. खोलीत एसीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. गोपाळकृष्ण कंटाळून काहीतरी बोलणार, एवढ्यात भिंतीवर प्रश्नाखाली अक्षरं उमटली.

हो चालेल.

आणि पाठोपाठ एआयनं कळवलं, की दोन्ही फाइली पुसल्या आहेत.

मिसबाच्या तोंडून हुंदका फुटला. तिने तो लगेच ओढणीत दाबला.

"भूत नाही," भाग्यश्रीबाई म्हणाल्या. "प्रोग्राम आहे. एआयनं प्रश्न विचारला आणि काही वेळ कुणी बोललं नाही, की हा मालकाच्या वतीनं मान डोलावतो. कुलूप पडद्याला असतं, आतल्या कामाला नसतं. सुदर्शन, तुमचा पहारेकरी बघतो की विचारण्याची सोय चालू आहे का. ती चालूच होती. उत्तर माणसानं दिलं का, हे बघायला तुम्ही त्याला शिकवलंच नाहीत. एरवी मिसबा जागेवर असायची, वाचून स्वतः उत्तर द्यायची, त्यामुळे याला संधी मिळायची नाही. सोमवारी तिला शंका आली, प्रश्न तसाच ठेवून ती विचारायला गेली. नेमक्या त्या शहाणपणाच्या वेळी यानं घात केला. चहा घेणार की कॉफी, या प्रश्नाला 'हो चालेल' असं उत्तर शुद्धीतलं माणूस देत नाही. हा देतो. आणि एआयनं त्याचा अर्थ दोन्ही असा घेतला."

"मीच टाकला तो," शुभंकर उभा राहिला. "नंदीबैल म्हणतो मी त्याला. मी लिहिलाय. मागच्या आठवड्यात गंमत म्हणून हिच्या लॅपटॉपवर टाकला. मले काढा, सर. मिसबाचा काही दोष नाही."

मिसबा थक्क होऊन त्याच्याकडे बघत राहिली. गोपाळकृष्णांनी कपाळ चोळलं. "संपलं म्हणायचं."

"नाही संपलं," भाग्यश्रीबाई म्हणाल्या. "लिहिला यानंच असेल. पण लॅपटॉपवर तो गेल्या दिवाळीच्या आधीपासून आहे, तसं यंत्र स्वतः सांगतं. मिसबा संक्रांतीनंतर आली. म्हणजे तो लॅपटॉपच्या आधीच्या मालकाचा आहे. लॅपटॉप नवा नव्हता. नाव बदललं, वरवर पुसला, नव्या खोक्यात घातला. आत नंदीबैल तसाच उभा."

"मग आधी कुणाकडे होता?" सुदर्शननं विचारलं.

"बुधवारी सकाळी एका व्यक्तीनं मला सांगितलं, या डबड्याची बॅटरी तासभर टिकत नाही. मिसबाला स्वतःला ते ठाऊक नाही, कारण ती चार्जर काढतच नाही. आम्हाला सगळ्यांना तो नवा लॅपटॉप वाटत होता. जुन्या बॅटरीचा अनुभव कुणाला असणार? ज्यानं तो वापरलाय त्याला. त्याच व्यक्तीनं, मी हात लावायच्या आत तो फॉर्मॅटला पाठवायची व्यवस्थाही केली होती. तेव्हा मला ती माया वाटली."

कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शुभंकर अजून उभाच होता.

"बस, शुभंकर," उत्कर्षा म्हणाली. "माझा होता तो."

सहा

तिचा आवाज स्थिर होता, हात मात्र टेबलाखाली होते.

"माझी मुलगी शार्वी तेव्हा दोन वर्षांची होती. दिवसभर इथे, घरी गेल्यावर पुन्हा लॅपटॉप. हा एआय दर मिनिटाला विचारायचा, हे करू का, ते करू का. मी आधी वाचायचे. मग नुसतं हो म्हणायला लागले. एक दिवस शुभंकरला म्हटलं, मी वाचत नाहीच आहे, तर माझ्या वतीनं मान हलवणारं काहीतरी करून दे. मॅनेजर झाले, नवा लॅपटॉप मिळाला, हा परत केला. तो आत राहिलाय हे लक्षातही नव्हतं."

"मंगळवारी लक्षात आलं," भाग्यश्रीबाई म्हणाल्या.

"सर्व्हरच्या नोंदींत ते उत्तर वाचलं आणि आलं. माझेच शब्द होते." तिने पहिल्यांदा मिसबाकडे पाहिलं. "तीन दिवस मी तुला पाणी आणून देत होते, मिसबा. एक वाक्य बोलायचं होतं, ते काही तोंडातून फुटलं नाही."

 मिसबा म्हणाली, "माझ्या अम्मीला मी अजून सांगितलं नाहीये, मॅडम. रोज डबा घेऊन हसत घरातून निघते. तुम्ही गप्प होता, त्या प्रत्येक दिवशी मी स्वतःच्या बोटांवर संशय घेत होते."

"आणि तू?" भाग्यश्रीबाईंनी शुभंकरला विचारलं. "न केलेला गुन्हा अंगावर का घेत होतास?"

"पुण्यात आलो तेव्हा कुणी ओळखत नव्हतं मले. उत्कर्षाताईंनी नाव सुचवलं म्हणून ही नोकरी लागली. त्यांनी बोलावं म्हणून दोन दिवस वाट बघितली. त्या बोलल्या नसत्या, तर मिसबाचा बळी गेला असता. मग मधला मार्ग एवढाच दिसला."

"मूर्ख मार्ग," भाग्यश्रीबाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजाला धार नव्हती.

दुपारी संस्थेची माणसं आली तेव्हा गोपाळकृष्णांनी काही झाकलं नाही. उत्कर्षाची मॅनेजरची जागा गेली, नोकरी राहिली. संध्याकाळी ती एकटीच रंगनाथरावांना बघायला दवाखान्यात गेली. तिथे काय झालं ते तिने कुणाला सांगितलं नाही. शुभंकरला भाग्यश्रीबाईंनी आपल्या हाताखाली घेतलं. नंदीबैल लिहिता येतो, तर नंदीबैल शोधणारंही तूच लिही, असं बजावून.

सोमवारी सगळ्यांना एक निरोप गेला. पुढच्या आठवड्यापासून एआयला मिळालेलं प्रत्येक उत्तर माणसाचं आहे का ते तपासलं जाईल. ज्यांच्याकडे असं मान हलवणारं काही असेल, त्यांनी त्याआधी ओगले मॅडमना भेटावं. आपणहून येणाऱ्याला शिक्षा नाही.

"कोण येणार, मॅडम?" मिसबानं विचारलं. लॅपटॉप तपासायला भाग्यश्रीबाईंनी तिलाच मागून घेतलं होतं.

"बघू."

पहिला मुलगा चहाच्या सुट्टीत आला, इकडेतिकडे बघत. मग दोघी मैत्रिणी आल्या. कुणी स्वतः लिहिलेला आणला होता, कुणी मित्राकडून घेतलेला. एकाचा प्रोग्राम तर प्रत्येक प्रश्नाला आभार मानून होकार द्यायचा. जेवणानंतर बाहेर रांगच लागली. मिसबा एकेक लॅपटॉप उघडून घेत होती, आतलं काढत होती, आणि काढताना समोरच्याला नजरेनंसुद्धा टोचत नव्हती.

रांग संपली, मिसबा आवराआवर करू लागली, तेव्हा सुदर्शन आत आला. त्याने मागे दार लावून घेतलं. काखेत लॅपटॉप होता.

मिसबानं खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"माझ्याकडेही आहे," तो भाग्यश्रीबाईंना म्हणाला. "नियम काढायच्या आधीपासून. मला वाटायचं, मला कळतं, मला चालतं."

"ठेवा टेबलावर."

त्याने लॅपटॉप ठेवला, पण हात त्यावरून उचलला नाही.

"आणखी एक आहे. ते हिला सांगायचंय." तो मिसबाकडे वळला. "त्या दिवशी तू दाराबाहेर उभी होतीस. मी पाहिलं होतं तुला. मला वाटलं, काहीतरी किरकोळ असेल. मान फिरवली आणि मग मॅडमना खोटं सांगितलं."

 मिसबाचे डोळे भरून आले, पण आवाज स्पष्ट होता.

"सर, ते शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं."

"हो."

"उद्या सांगाल? टीमच्या मीटिंगमध्ये?"

सुदर्शननं उत्तर द्यायला वेळ घेतला. भाग्यश्रीबाई नेहमीप्रमाणे गप्प बसल्या. बाहेर कुणीतरी लिफ्टची वाट बघत हसत होतं.

"सांगतो," तो शेवटी म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.

मिसबानं डोळे पुसले आणि त्याचा लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला.